झाशी ते खजुराहो : चाळीस मिनिटांचा खुलासा

"काय भैया, मऊरानीपुर कितनी बीड़ी दूर है?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा टॅक्सी-कचेरीच्या खिडकीत बसून मला जेमतेम आठवडा झाला होता. विचारणारा म्हातारा शेतकरी होता. मी ऐटीत सांगितलं, "पासष्ट किलोमीटर." तो हसला. म्हणाला, "किलोमीटर तो सरकार के हैं. हमें बीड़ी में बताओ." मी गोंधळलो. शेजारी उभा असलेला आमचा एक ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, मोटर में जाओ तो बारा बीड़ी. बैलगाड़ी में जाओ तो पूरो बंडल." म्हातारा समाधानाने गेला.

त्या दिवशी मला कळलं की माणूस विचारतो अंतर, पण त्याला हवी असते वेळ. पुढे एकतीस वर्षं त्याच खिडकीत बसलो. कुणी विचारलं, "उजेरे में पौंच जैहैं?" म्हणजे दिवसाउजेडी पोचू ना. कुणी विचारलं, "दही फटेगा तो नहीं?" गुरसरायला लग्नाला निघालेल्या एका बाईंनी विचारलं होतं की तिथवर गजरा ताजा राहील का. सगळ्यांना उत्तर एकच द्यायचं असे: अमुक किलोमीटर, अमुक तास. पण ते उत्तर कुठून येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते आधी सांगतो, कारण माझा अपराध त्यातच आहे.

आमची कचेरी स्टेशनच्या बाहेर होती. आठ गाड्या, एक खिडकी, भिंतीवर एक मोठा नकाशा. झाशीहून प्रवासी विमान उडत नाही. पण आगगाड्या चारी दिशांना जातात, आणि खजुराहोची देवळं पाहायला निघालेले परदेशी पाहुणे त्या काळी झाशीला उतरून पुढे मोटारीने जात. आमचा धंदा त्यांच्यावर चाले. मालकांना सगळे लालाजी म्हणत. मला पंडितजी. आमचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत दप्तर सांभाळायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली. पूर्वजांनी जहागिरीचे कागद लिहिले, मी टॅक्सीचे.

अंतर काढायच्या आमच्याकडे तीन रीती होत्या. पहिली म्हणजे रस्त्याकडेचे दगड. दगड खोटं बोलत नाही, पण त्याच्यावरचा शून्य कुठे आहे हे माहीत हवं. झाशी सुरू कुठे होते? किल्ल्यापाशी, स्टेशनपाशी की कचेरीपाशी? दुसरी रीत गाडीच्या मीटरची. एकदा एक निवृत्त न्यायाधीश खिडकीशी आले आणि म्हणाले, "आपका ग्वालियर दो किलोमीटर छोटा है. मैंने अपनी गाड़ी से नापा है." मी त्यांच्यासोबत बाहेर गेलो आणि गाडीची चाकं पाहिली. टायर पार गुळगुळीत झाले होते. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं, आणि मीटर जास्त आकडा दाखवतं. मी त्यांना म्हटलं, "साहब, ग्वालियर ठीक है. टायर बदलवा लीजिए." ते वर्षभर कुणालाही भेटले की हा किस्सा सांगत, आणि माझी गावात 'चलता-फिरता नक्शा' अशी ख्याती झाली. त्या ख्यातीवर माझा फार जीव होता.

तिसरी रीत दोऱ्याची. मेण लावलेला दोरा नकाशावरच्या रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाचणीने बसवायचा, मग काढून सरळ करून पट्टीवर मोजायचा. मला हे काम इतकं आवडे की कधीही न जायच्या गावांची अंतरंही मी रिकाम्या वेळात काढून ठेवत असे.

मग दिल्लीच्या एका पर्यटन कंपनीचं पत्र आलं. तिचे पाहुणे आमच्याकडे येत. तिला छापील तक्ता हवा होता : झाशीपासून कुठलं गाव रस्त्याने किती लांब, हवाई मार्गाने किती, आणि पोचायला वेळ किती. मी लालाजींना म्हटलं, "इथून विमानच नाही, तर हवाई अंतर कशाला?"

"पंडितजी, पूछा है तो लिख दो. खाली खाना अच्छा नहीं लगता."

रिकामा रकाना भरायला मला तेवढंच निमित्त हवं होतं. नकाशावर पट्टी ठेवायची आणि गावापासून गावापर्यंत सरळ रेघ मारायची, पाखरू जाईल तशी. मला मोठी गंमत वाटली. खजुराहो रस्त्याने एकशे पंचाहत्तर किलोमीटर भरतं. सरळ रेघेत साधारण एकशे बावन्न. म्हणजे तेवीस किलोमीटर रस्ता नुसता वळणांत जातो! ही वळणं कुणासाठी घेतली असतील, कुठल्या तळ्यासाठी, कुठल्या टेकडीसाठी, कुणाच्या शेतासाठी, याचा विचार करत मी दोन दिवस घालवले.

वेळ काढायची आमची रीत सोपी होती. अंतराला ताशी चाळीसने भागायचं. ग्वाल्हेर, ओरछा वगैरे ओळी मी आधीच करून ठेवल्या होत्या. त्यांत हवाई अंतराचा रकाना नंतर भरला. खजुराहोची ओळ सगळ्यात शेवटी केली. तिच्यात हवाई आकडा आधी लिहिला, आणि त्यातच मन रमल्यामुळे भागाकारही त्यालाच केला. एकशे बावन्न भागिले चाळीस. पावणेचार तास. लिहिलं, टाइप केलं, लालाजींनी सही केली, तक्ता दिल्लीला गेला. एक प्रत पेंटरकडून फळ्यावर रंगवून कचेरीत टांगली.

खरी वेळ होती चार तास पंचवीस मिनिटं. चाळीस मिनिटं मी विमानातून नेली होती आणि गाडी मात्र रस्त्यावर होती.

तुम्ही विचाराल, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ड्रायव्हरांच्या आलं. ते रोज म्हणत. मुन्नालाल नावाचा एक ड्रायव्हर होता, बरुआसागरचा. अंगाने बारीक, गाडी नवरीसारखी जपणारा. तो फळ्यासमोर उभा राहून म्हणे, "काय पंडतजी, तुमाए कागज में गड्ढा नइयाँ का? रेल को फाटक नइयाँ?" बाकीचे हसत. मीही हसून म्हणे, "मुन्नालाल, चाय की दुकान भी नइयाँ. वहीं फरक पड़ता है." ड्रायव्हर उशिराला कारणं सांगतातच, असं कचेरीत बसणाऱ्या सगळ्यांचं ठाम मत असतं. शिवाय पाहुणे खजुराहोला मुक्कामाला जात. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर हॉटेलातलं जेवण निवे, दुसरं काही बिघडत नसे. त्यामुळे दोन हिवाळे तो आकडा भिंतीवर सुखाने नांदला.

मग एक वयस्क परदेशी जोडपं आलं. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या आसपास. ते ओरछा पाहून झाशीच्या हॉटेलात राहिले होते आणि त्यांना खजुराहोहून सव्वादोनचं विमान पकडून दिल्लीला, तिथून रात्री आपल्या देशी जायचं होतं. झाशीहून थेट विमान गाठायला जाणारे आमचे ते पहिलेच पाहुणे. विमानतळावरची नोंदणीची खिडकी पावणेदोनला बंद होते. मी तक्ता पाहिला आणि कागदावर लिहिलं : हॉटेलहून नऊला प्रस्थान, पाऊणला आगमन. हाताशी तासभर जास्तीचा. गाडी मुन्नालालची.

दुपारी खजुराहोहून फोन आला. गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी पोचली. विमान चुकलं. दुसऱ्या दिवशीशिवाय विमान नव्हतं, म्हणजे पुढचा देशी जायचा प्रवासही चुकला. दिल्लीच्या कंपनीने खरमरीत शब्दांत कळवलं की कारण सांगा, नाहीतर काम दुसऱ्या कचेरीला देऊ.

मुन्नालाल परतल्यावर लालाजींनी त्याला बोलावलं आणि मला म्हणाले, "तक्ता लेकर आइए." मी फाइल काढली, आणि सवयीने, नुसतं खात्री करावी म्हणून, पेन्सिलीने भागाकार केला. एकशे पंचाहत्तर भागिले चाळीस. पावणेचार येईना. पुन्हा केला. मग शेजारच्या रकान्याकडे नजर गेली आणि हातातली पेन्सिल थांबली. मला सगळं एका क्षणात समजलं. त्या क्षणापासून लालाजींच्या खोलीपर्यंत पंधरा पावलं होती. तेवढ्यात मी बोलायचं ठरवू शकलो असतो.

आत लालाजी म्हणत होते, "पौने चार घंटे का रास्ता. पौन बजे पहुँचना था, दो दस पर पहुँचे. रास्ते में भैंस चरा रहे थे?"

"लालाजी, पौने चार में नईं होत. कबऊँ नईं भओ."

लालाजी माझ्याकडे वळले. "क्यों पंडितजी?"

मी म्हणालो, "टेबल ठीक है, लालाजी."

लालाजींनी पुन्हा त्याला विचारलं, "गाड़ी रोकी थी?"

"रोकी हती."

"कितनी बार?"

"चार-पाँच बेर."

"काहे के लिए? पेंचर? इंजन गरम?"

मुन्नालालने हातातली किल्ली मुठीत धरली. मग म्हणाला, "ऐसेई."

खरं सांगतो, ते "ऐसेई" ऐकून मला हायसं वाटलं. मी स्वतःला म्हटलं, पाहा, याचीही चूक आहेच. लालाजींनी मला गाडीच्या डायरीत कारण लिहायला सांगितलं. मी माझ्या वळणदार अक्षरात हिंदीत लिहिलं : चालकाने वाटेत विनाकारण गाडी थांबवल्यामुळे विलंब. मुन्नालालने किल्ली टेबलावर ठेवली. गाडीतून आपला गमछा आणि पाण्याची सुरई घेतली. खिडकीवरून जाताना रोजच्यासारखं म्हणाला, "राम राम, पंडतजी."

झाशीतल्या टॅक्सी-कचेऱ्या एकमेकींना ओळखतात. विमान चुकवणारा ड्रायव्हर म्हणून त्याला कुणी गाडी दिली नाही. काही महिन्यांनी कळलं की तो बिजौलीच्या एका कारखान्यात माल चढवायला जातो.

मी काय केलं? महिन्याभराने नवा तक्ता टाइप केला. खजुराहो : साडेचार तास. लालाजींनी विचारलं तर म्हणालो, रस्ता खराब झाला आहे. पेंटरने फळ्यावरचा आकडा बदलला. एक ड्रायव्हर तो पाहून म्हणाला, "चलो, कागज खों अकल आई." मी मान खाली घालून पावती फाडत राहिलो.

मला नोकरी जायची भीती होती का? थोडी. लालाजी रागावले असते, पण चौदा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला काढलं नसतं. मला भीती होती ती न्यायाधीशसाहेबांना कळण्याची. चलता-फिरता नक्शा चुकला, हे गावाला कळण्याची. एवढ्यासाठी मी एका माणसाच्या हातातलं चाक काढून घेतलं.

पण एक गोष्ट मला गप्प बसू देईना. हिशेब जुळत नव्हता. नऊला निघून दोन-दहाला पोचला, म्हणजे तक्त्यापेक्षा पंच्याऐंशी मिनिटं जास्त. त्यातली चाळीस माझी. उरलेली पंचेचाळीस कुठे गेली? शेवटी एक दिवस रजा काढली आणि खजुराहोला पाहुणे आणायला रिकाम्या जाणाऱ्या गाडीत पुढे बसलो. नोकरीला लागून पंधरा वर्षं होत आली होती, हजारो लोकांना हा रस्ता सांगितला होता, आणि मी त्यावरून पहिल्यांदा जात होतो. घड्याळ आणि वही मांडीवर. हा रस्ता म्हणजे मोठा मजेदार आहे. उत्तर प्रदेशातून मध्य प्रदेशात जातो, पुन्हा उत्तर प्रदेशात येतो, पुन्हा मध्य प्रदेशात. प्रत्येक हद्दीवर परवाना दाखवा. बरुआसागरच्या बाजारात भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढा. रेल्वेचं फाटक. अरुंद पूल, समोरून ट्रक आला की थांबा. छतरपूरच्या गर्दीत सायकली. मी एकेक मिनिट लिहून घेतलं. एकूण चार तास सत्तावीस मिनिटं. म्हणजे रस्त्याच्या अंतराचा भागाकार बरोबर होता. पण त्या पंचेचाळीस मिनिटांची जागा मला वाटेत कुठेच सापडली नाही.

निवृत्त झालो. कचेरी बंद पडली. फळाही कुणीतरी नेला. एकदा बाजारात आमच्यातला एक जुना ड्रायव्हर भेटला, म्हणाला मुन्नालाल आहे, बरुआसागरलाच, मुलगा भाजीचा व्यापार करतो. घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिला मी सगळं पूर्वीच सांगितलं होतं; तिच्याखेरीज कुणाला नाही. ती म्हणाली, "अहो, मग जाऊन या की एकदा. ऐकणारा आहे तोवर."

झाशीहून बरुआसागर बसने तासाच्या आत. मला तिथे पोचायला सव्वीस वर्षं लागली.

मुन्नालाल ओसरीवर बसून आलं निवडत होता. खाटेवर त्याची बायको होती, आणि आत सून. त्याने मला लगेच ओळखलं. "अरे पंडतजी! आओ, बिराजो. ए बहू, पानी ल्याओ." मी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं. आधी माझी चूक सांगायला हवी होती हे मला कळत होतं, पण जन्माची खोड. आधी प्रश्नच बाहेर पडला.

"मुन्नालाल, उस दिन गाड़ी कहाँ-कहाँ रोकी थी? पैंतालीस मिनट का हिसाब नहीं बैठता."

त्याने हातातल्या आल्याची माती झाडली. मग म्हणाला, "मेमसाब को पेट चल रओ तो."

त्या बाईंना झाशी सोडल्यापासूनच जुलाबाचा त्रास होत होता. नवरा पुढे बसून डुलक्या घेत होता. बाईंनी मुन्नालालच्या खांद्याला हात लावून खुणेने गाडी थांबवायला सांगितली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तर आडोसाच नव्हता. मुन्नालालने गाडी एका वस्तीकडे वळवली, तिथल्या बायकांना सांगितलं. त्यांनी बाईंना अंगणामागे नेलं, चादर धरली, हातपाय धुवायला पाणी दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. निघताना बाईंनी मुन्नालालसमोर हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"लुगाई की इज्जत की बात हती, पंडतजी. दफ्तर में चार जनों के सामने का कैते?"

त्याची बायको खाटेवरून म्हणाली, "हमसें तक नईं कई. जे तो हम आज सुन रए." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हम तो जेई जानत ते कि जे बीच में चिलम पीबे बैठ गए हुइएँ. बरसों ताने दए." वाटेत चिलीम ओढत बसला असेल म्हणून तिने त्याला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते.

आता मला पळवाट उरली नव्हती. मी सांगितलं. हवाई अंतर, रस्त्याचं अंतर, शेजारचा रकाना, पेन्सिल, पंधरा पावलं, सगळं. सांगताना पुन्हा पुन्हा आकड्यांत शिरत होतो. मुन्नालालने मध्येच हात वर केला.

"एक बात बताओ. तुमाओ कागज सही होतो, तो हम कै बजे निकरते?"

"आठ बीस पर."

"और मेमसाब के लाने इत्तोई रुकते, तो?"

"डेढ़ बजे पहुँचते. विमान मिल जाता."

हातातलं आलं त्याने टोपलीत ठेवलं. मग बायकोला म्हणाला, "सुनी?" आणि मला म्हणाला, "एक बेर और कओ. इन्हें ऊँचो सुनात है."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या ओसरीवरचा माणूसही उठून बघू लागला.

मी म्हटलं की हे सगळं मी लिहून काढणार आहे, दिवाळीला निघणाऱ्या अंकात छापून येईल, बाईंचं नाव कुठे येणार नाही. तो म्हणाला, "नाम तो हमें तबऊँ नईं मालूम तो. लिखो." पण त्याच्या बायकोने विचारलं, "कौन बोली में लिखहो?"

"मराठी में."

"तो इते कौन बाँचहै?"

हा कबुलीजबाब पुण्या-नागपुरात वाचला जाईल, हे मला किती सोयीचं होतं, ते मला त्या बाईने विचारेपर्यंत जाणवलं नव्हतं. बरुआसागरात त्याचं एक अक्षर कुणाला कळलं नसतं.

सुनेने वहीचा कागद आणि पेन आणून दिलं. मी तिथेच, ओसरीवर, हिंदीत लिहिलं. आठ-दहा ओळी असतील. खाली सही केली, जुना हुद्दा लिहिला. सून दाराशी उभी राहून मोठ्याने वाचू लागली. "...उस दिन चालक मुन्नालाल समय से निकले और ठीक चाल से चले. विलंब शायद मेरे बनाए गलत तक्ते के कारण हुआ..."

"ठैरो, बहू," मुन्नालाल म्हणाला. तो माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, फाटकाशी थांबल्यावर गाडी कधी येणार हे विचारावं तसं त्याने विचारलं, "पंडतजी, जो 'शायद' काए के लाने?"

मी कागद मागून घेतला आणि तो शब्द खोडला. पुसट राहू नये म्हणून दोनदा खोडला. सुनेने कागद हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.